घळीत उतरताना: सॅक कशी धरायची, वाट कशी ओळखायची

मी संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड गावचा. इथल्या गौताळा अभयारण्यातल्या घळी वीस वर्षं उतरतोय. गडावर आधी चढायचं आणि मग उतरायचं असतं, आमच्याकडे उलटं. पठारावरून निघून आधी उतरायचं आणि अंगात त्राण नसताना चढायचं. म्हणून परतीची वाट उतरतानाच ध्यानात ठेवावी लागते.

ओढ्याने खाली जाताना माणूस चुकत नाही, कारण सगळे ओढे एकमेकांना मिळत जातात. वर येताना तेच फुटतात, आणि प्रत्येक फाट्यावर दोन्हीकडे सारखेच काळे धोंडे. एका डिसेंबरात मी आणि पुतण्या डावीकडच्या ओढ्याने तासभर चढलो, तर पुढे दोन पुरुष उंच सरळ कडा. दिवस मावळायला आला होता. तेव्हापासून दुसरा ओढा मिळाला की मी थांबतो, मागे वळून बघतो, आपण आलो त्या ओढ्याच्या तोंडाशी तीन दगड एकावर एक रचतो आणि मागच्या बाजूचा फोटो काढतो. परतताना ते दगड मोडायचे, नाहीतर पुढचा माणूस आपल्या खुणेने फसतो.

आपला कातळ बेसॉल्टचा, थरावर थर. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीची पट्टी असते. ती झिजली की कड्याला आडवी पायरी तयार होते. कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी आलात तर सरळ खाली उतरू नका, आधी दोन्ही काठांना अशी पट्टी शोधा. ढोरवाट बऱ्याचदा तिथूनच वळसा घेते. पाय मात्र जपून टाका, ती माती भुसभुशीत असते. वाटेवर ताजं शेण असेल तर बिनधास्त जा. शेण वाळलेलं आणि घाणेरी माजलेली दिसली, तर गुराख्यांनी ती वाट सोडलीय असं समजा.

सॅक नसतानाही परत चढता येणार नाही असा टप्पा उतरायचाच नाही.

सॅकमध्ये पाणी आणि डबा पाठीला चिकटून ठेवा, बाहेर काहीही लोंबकळत नको. कातळाकडे पाठ करून उतरलात तर सॅक मागे घासते आणि तुम्हाला पुढे ढकलते. डोक्याइतक्या उंचीचा टप्पा आला की ती काढून खाली उतरलेल्याच्या हातात द्या. खालच्याने पाय रोवून "धरली" म्हणेपर्यंत वरच्याने हात सोडायचा नाही. फेकायची तर कधीच नाही. हात पोचत नसेल तर दहा मीटर दोर सॅकच्या वरच्या कडीतून आणि दोन्ही पट्ट्यांतून ओवून सोडा. खालचा माणूस बाजूला उभा राहील. वाहतं पाणी ओलांडताना कंबरेची आणि छातीची क्लिप उघडी ठेवा. पडलात तर सॅक झटकन सुटली पाहिजे.

वन विभागाच्या नाक्यावर विचारल्याशिवाय अभयारण्यात शिरू नका. पठारावर लांब कुठे ढग दाटले तरी घळ सोडा, वरचं सगळं पाणी तिथूनच जातं. आणि कड्याला आग्या मोहोळ दिसलं की विडी नाही, अत्तर नाही. गुपचूप मागे फिरून दुसरा काठ धरा.