शेअर-फंडांचे व्यवहार इम्पोर्ट करताना या चुका टाळा

राजारामपुरीतल्या आमच्या काकांनी परवा घरी बोलावून घेतलं. "एसआयपी दर महिन्याच्या पाच तारखेची, आणि हे म्हणतंय सगळे पैसे मे महिन्यातच भरलेत!" ग्नूकॅश या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये खरंच 1 मे, 2 मे, 3 मे अशी हप्त्यांची रांग लागली होती. फंडाच्या व्यवहारांच्या फाइलमधल्या तारखांत आधी दिवस, मग महिना. इम्पोर्ट करताना निवडलेलं नेमकं उलटं. त्यामुळे 5 जानेवारीचा झाला 1 मे. सुट्टीमुळे सहा तारखेला गेलेला एक हप्ता तर जूनमध्ये जाऊन बसलेला. पंचवीस तारखेची एसआयपी असती तर निदान एरर तरी आली असती. इथं सगळं गुपचूप आत गेलं.

ही सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करायची सवयही अशीच नडते. तारखा बदलतात, फोलिओ नंबरच्या (फंडातल्या खात्याच्या क्रमांकाच्या) सुरुवातीचं शून्य उडतं. नुसती बघायची असेल तर नोटपॅड पुरे.

स्टेटमेंट मागवताना समरी नको, डिटेल्ड घ्या, तेही पहिल्या खरेदीपासूनचं. विक्रीचा नफा काढताना आधी घेतलेले युनिट आधी विकले असं धरतात. जुनी खरेदीच नसेल तर नफा कशावरून काढणार?

काकांचे दोन तास मात्र 25 पैशांत गेले. मास्तर माणूस, सोडवेना. 1 जुलै 2020 पासून फंडाच्या खरेदीवर 0.005 टक्के मुद्रांक शुल्क कापतात. म्हणजे 5,000 च्या हप्त्यात युनिट मिळतात 4,999.75 चे. उरलेले 25 पैसे खर्चाच्या खात्यात टाका. एनएव्हीशी, म्हणजे एका युनिटच्या भावाशी, खेळू नका.

शेअरचं स्प्लिट झालं, म्हणजे एका शेअरचे अनेक छोटे शेअर झाले, की आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक) बदलतो. प्रोग्रॅमला वाटतं नवाच शेअर आला, आणि जुनाही तसाच पडून राहतो. त्याची स्प्लिट म्हणूनच नोंद करा, खरेदी म्हणून नको.

इम्पोर्टच्या आधी बॅकअप घ्या. तीच फाइल दुसऱ्यांदा चढली तर तोच वाचवतो. शेवटी रुपये नव्हे, युनिट जुळवा. बाजारभाव रोज हलतो, युनिट हलत नाहीत.

काकांचा एक फंड अजून 0.001 युनिटनं चुकतोय. राउंडिंग आहे, असं मी तीनदा सांगून झालंय.