बोलक्या प्राण्यांचे जुने विनोदी चित्रपट घरी कसे बघावेत

बोलणाऱ्या प्राण्याचा चित्रपट दोन गोष्टींवर तगतो: त्या प्राण्याचं तोंड आणि त्याचा आवाज. ओठ हलताना स्पष्ट दिसले पाहिजेत आणि आवाज त्याच ओठांतून येतोय असं वाटलं पाहिजे. हे जमलं नाही, तर कितीही धमाल कथा असली तरी हसू येत नाही. पन्नासच्या दशकातले असे चित्रपट वर्षानुवर्षं धूसर, ओरखडे पडलेल्या प्रतींवर बघावे लागत. आता ते स्वच्छ होऊन डिस्कवर मिळू लागलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चांगली डिस्क आणली की काम झालं, असं मात्र नाही. टीव्हीच्या मूळ सेटिंग्ज या चित्रपटांचं बरंच नुकसान करतात.

सुरुवात कशाने करावी

माझं मत स्पष्ट आहे: फ्रान्सिस या बोलणाऱ्या खेचराच्या मालिकेने. १९५० ते १९५६ या काळात युनिव्हर्सलने तिचे सात चित्रपट काढले, सगळे कृष्णधवल. पहिले सहा आर्थर लुबिनने दिग्दर्शित केले, त्यांत नायक डोनाल्ड ओ'कॉनर आणि खेचराचा आवाज चिल विल्सचा. सातव्यात नायकही बदलला आणि आवाजही, म्हणून तो शेवटीच बघावा. पहिल्या चित्रपटात ब्रह्मदेशच्या आघाडीवर एका भोळ्या लेफ्टनंटला हे खेचर भेटतं आणि शत्रूची बित्तंबातमी देतं. ही माहिती कुठून मिळाली, असं वरिष्ठ विचारतात. हा खरं ते सांगतो आणि मानसोपचार वॉर्डात जाऊन बसतो. सगळी गंमत या एका अडचणीतून फुलते, त्यामुळे आधी पहिलाच चित्रपट बघा. पुढचे मागेपुढे झाले तरी चालतात.

प्रत्येक चित्रपट साधारण सव्वा ते दीड तासाचा आहे. लहान मुलं एका बैठकीत सहज बघतात.

डिस्क निवडताना

वेष्टनावर किंवा विक्रेत्याच्या पानावर स्कॅन कशावरून केलंय ते शोधा. मूळ कॅमेरा निगेटिव्ह, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यात असलेली फिल्म, सर्वांत उत्तम, त्याखालोखाल त्यावरून थेट काढलेली बारीक दाण्याची ‘फाइन ग्रेन’ प्रत. थिएटरात फिरलेल्या प्रिंटवरून केलेलं स्कॅन नाइलाज असेल तरच घ्यावं, कारण प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी बारकावे गळत जातात. ‘नव्याने रिस्टोअर केलेली’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यावरून काहीच कळत नाही.

४के (म्हणजे सुमारे चार हजार ठिपके रुंद चित्र) स्कॅन आणि ४के डिस्क यांत गल्लत करू नका. निगेटिव्ह ४के स्कॅन केलेलं असलं तरी साध्या ब्लू-रेवर चित्र १९२० बाय १०८० ठिपके याच आकारात येतं. अशा चित्रपटांसाठी तेवढं पुरेसं असतं. जुन्या डीव्हीडीशी तुलना केली की फरक लगेच दिसतो. ब्लू-रेला ए, बी, सी असे प्रदेश असतात, तेव्हा आपला प्लेअर कोणता प्रदेश चालवतो ते आधी बघा. ४के डिस्कला ही अट नसते.

साफसफाईचं कामही दोन प्रकारे होतं. धूळ, ओरखडे, चित्राची थरथर आणि लुकलुक काढणं ही खरी डागडुजी. पण कधीकधी त्याच ओघात फिल्मचा दाणाही, म्हणजे चित्रातला नैसर्गिक बारीक रवाळपणा, पुसून टाकतात. मग माणसांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात आणि प्राण्यांचे केस एकमेकांत मिसळून जातात. तपासायची सोपी जागा म्हणजे खेचराचा जवळून घेतलेला शॉट. नाकपुड्यांभोवतीचे राठ केस सुटे दिसले पाहिजेत. लुबिनने प्राण्यांना बोलतं करायला दोऱ्याची युक्ती वापरली होती. तोंडात दोरा सरकवायचा, आणि तो काढून टाकायला प्राणी ओठ हलवायचा. ती ओठांची चुळबुळ हाच अभिनय आहे. दाणा पुसला की तीही बोथट होते. फिल्मचा बारीक दाणा हा दोष नव्हे, तो तसाच दिसू द्या.

टीव्ही लावताना

आधी मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्हीची हालचाल गुळगुळीत करण्याची सोय, बंद करा. हे फार महत्त्वाचं आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींत चित्रित झालेला असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः कल्पून भरतो आणि खेचराच्या भराभर हलणाऱ्या ओठांभोवती वितळल्यासारखी कड दिसू लागते. सोनीवर याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. २०२० पासून अनेक टीव्हींवर फिल्ममेकर मोड येतो. तो लावला की हे आणि इतर फाजील संस्कार एकदम बंद होतात.

शार्पनेस कमी करा आणि रंगछटा ‘वॉर्म’वर ठेवा, नाहीतर कृष्णधवल चित्र निळसर दिसतं.

आता चित्राच्या चौकटीचा आकार. मालिकेतल्या सुरुवातीच्या चित्रपटांची चौकट जुन्या पद्धतीची, जवळजवळ चौकोनी आहे. १९५३ पासून हॉलिवूड रुंद पडद्याकडे वळलं, त्यामुळे नंतरचे चित्रपट रुंद दिसतात. सुरुवातीच्या चित्रपटांना डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येणारच. पडदा भरावा म्हणून ताणलंत तर सगळेच जाड दिसतात, आणि झूम केलंत तर उंचीचा जवळजवळ पाव भाग कापला जातो. त्यात सर्वांत आधी खेचराचे कान जातात! ते कधी ताठ होतात, कधी मागे पडतात, आणि निम्मा विनोद तिथेच आहे. टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय असेल तर तोही लावा. त्याने कडेचं चित्र छाटलं जात नाही.

आवाज

या चित्रपटांचा ध्वनी मोनो आहे, म्हणजे सगळा एकाच वाहिनीवर. टीव्ही किंवा साउंडबारवरचा कृत्रिम सराउंड, म्हणजे आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारी सोय, बंद ठेवा. नाहीतर चिल विल्सचा खरखरीत, संथ आवाज खोलीभर पसरतो आणि खेचरापासून तुटतो.

आवाज आणि चित्र मागेपुढे होत असेल तर ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ने जुळवा. मात्र जुळवताना खेचराकडे बघू नका. त्याच्या ओठांशी शब्द मुळातच काटेकोर जुळवलेले नाहीत. माणसाकडे बघा. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, तेव्हा तो क्षण पकडता येतो.

घरात जुनी युरोपीय डीव्हीडी असेल तर तिच्यावरून आवाजाचा अंदाज बांधू नका. तिथल्या पाल या टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीत सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ने पळवतात. दीड तासाचा चित्रपट सुमारे साडेतीन मिनिटं आधी संपतो आणि आवाजाची पट्टी सहसा थोडी चढते. विल्सचा भारदस्तपणा त्यात कमी होतो.

मुलांसोबत

संवाद अमेरिकी ढंगाचे आणि वेगवान आहेत, म्हणून सबटायटल्स लावाच. ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांना मोठ्यांनी सांगत जावं. खेचर काय म्हणालं हे आपल्या बोलीत सांगण्यात भारी मजा येते. १९५४च्या चित्रपटात नायकाची चुकून महिलांच्या सैन्यदलात रवानगी होते. त्यातले बायकांवरचे काही विनोद आज खटकतात, तेव्हा मुलांशी त्याबद्दल सरळ बोलावं. त्याच चित्रपटात चिल विल्स जनरलच्या भूमिकेत प्रत्यक्ष पडद्यावर येतो. आवाज ओळखा, असं मुलांना सांगून बघा. पुढच्या वर्षीच्या नौदलाच्या चित्रपटात कोवळा क्लिंट ईस्टवूड एका छोट्या भूमिकेत आहे. तो शोधायला मोठ्यांनाही आवडतं.

ही मालिका संपली की १९९५चा ‘बेब’ लावा. त्यात शिकवलेले खरे प्राणी, यांत्रिक बाहुल्या आणि संगणकावर हलवलेली तोंडं यांची सरमिसळ आहे, आणि तिला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. एखाद्या शॉटवर पॉज करून मुलांना विचारा, हे डुक्कर खरं की बाहुली? ‘बेब’ मात्र रंगीत आहे, तेव्हा तो लावण्याआधी टीव्हीची रंगाची पातळी कुणी बदलून ठेवली नाही ना, ते एकदा बघून घ्या.