कोल्हापूर ते लंडन: अंतराचा आणि वेळेचा हिशोब कसा मांडावा

मुंबई-लंडन विमान दहा तासांचं, असं सगळे सांगतात. पण कोल्हापूरकराचा प्रवास तावडे हॉटेलच्या चौकात हायवेला लागल्यापासून सुरू होतो, आणि गफलत होते ती बहुतेक इथेच. हिशोब घरापासून मांडा.

आधी हवाई अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. ती पट्टी दक्षिण इराकवरून जाते. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडनमध्ये दोरा ताणून धरा, तो पाकिस्तान, इराण, जॉर्जिया, काळा समुद्र असा बराच उत्तरेकडून जाईल. हाच सर्वात जवळचा रस्ता, सुमारे 7,200 किमी. कोल्हापूरहून मोजलं तर साधारण 7,490.

आता वेळ. मोठं विमान ताशी 900 किमीच्या आसपास उडतं, म्हणजे 8 तास. पण लंडनला जाताना वरचे पश्चिमी वारे समोरून येतात. सरासरी 80 किमीचा वारा धरला, तर वेग उरतो 820 आणि वेळ होते 8 तास 47 मिनिटं. चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंतचं रांगणं यासाठी 40 मिनिटं मिळवा. शिवाय वळसा असतोच: युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. म्हणून तिकिटावर दहा तास किंवा जास्त दिसतात. परतताना तेच वारे पाठीशी असतात, तासभर तरी वाचतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. मुंबई 02:00, लंडन 06:30 म्हणजे साडेचार तास नव्हेत. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, म्हणून प्रवास दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचारच तासांचा, हे विसरू नका.

सगळ्यात महागात पडते ती तारीख. समजा तिकीट 12 तारखेच्या 02:00 चं आहे. काउंटरला तीन तास आधी, म्हणजे 11 तारखेला रात्री 11 वाजता पोहोचायचं. 11 च्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडलीत तर ती मुंबईला 12 च्या सकाळी पोहोचते. तोवर विमान गेलेलं असतं! रेल्वेनं जायचं तर 10 च्या रात्री निघा आणि दिवसभर मुंबईत थांबायची सोय बघा. गाडीनं सुमारे 375 किमी. जेवण, चहा आणि पुण्याजवळची कोंडी धरून अकरा तास ठेवा, 11 ला दुपारी 12 ला निघा. मग लंडनला उतराल तेव्हा कोल्हापुरात 12 तारखेचे दुपारचे 12 वाजलेले असतील. पूर्ण 24 तास.

उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, मुंबईला विमानानं जाणार असाल तर दोन्ही टप्पे शक्यतो एकाच पीएनआरवर घ्या. वेगळी तिकिटं असली की पहिलं विमान उशिरा आल्यास दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही परत देत नाही. बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात आणि टर्मिनल वेगळं निघालं तर टॅक्सीही करावी लागते. वेगळी तिकिटंच घेणं भाग असेल तर मध्ये किमान सहा तास सोडा. पावसाळ्यात एक दिवस आधीच मुंबई गाठलेली बरी.