कॉलेज रिव्ह्यूची साइट चालतेय पण पैसा येत नाही? या चुका टाळा

दरवर्षी एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की कुठेतरी चार इंजिनिअरिंगची पोरं जमून कॉलेज रिव्ह्यूची साइट काढतातच. आयडियात खोट नाही. कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, कॉलेजांची पसंती भरायचा ऑप्शन फॉर्म उघडला की समोर कॉलेज कोडची भली मोठी यादी असते आणि घरात कोणालाच धड सांगता येत नाही की पुण्यातलं नऱ्ह्याचं कॉलेज आधी टाकायचं की आकुर्डीचं. त्यामुळे जून-जुलैत ट्रॅफिक येतं, पोरं खूश होतात, आणि सीझन संपला की कळतं की बँकेत काहीच नाही.

मग पहिली उडी जाते लीड विकण्यावर, म्हणजे ॲडमिशन शोधणाऱ्या पोरांचे नंबर कॉलेजांना विकण्यावर. ‘शिक्षा’ ही साइट 2008 पासून आहे, नंतर कॉलेजदुनिया आली, कॉलेजदेखो आलं, या सगळ्यांना कॉलेजांकडून पैसे मिळतात मग आपणही तेच करू, असा हिशोब. पण त्यांच्याकडे माणसं आहेत, कॉल करायला टीम आहे, देशभरातली कॉलेजं आहेत. तुमच्याकडे पुणे-नाशिकची काही कॉलेजं आणि एक गूगल शीट. आणि मुख्य गोष्ट बघा, पैसे देणार कोण? सीओईपी आणि व्हीजेटीआयसारखी नावाजलेली कॉलेजं तुम्हाला दमडी देणार नाहीत, त्यांना गरजच नाही, सीट्स आपोआप भरतात. देणार तो ज्याच्या सीट्स रिकाम्या राहतात. म्हणजे ज्या कॉलेजचे रिव्ह्यू सगळ्यात वाईट, तेच तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. हे एकदा झालं की "होस्टेलला संध्याकाळी पाणी नसतं, लॅबमधले अर्धे पीसी बंद" असा रिव्ह्यू खाली सरकवा म्हणून फोन येणारच, आणि तुमच्याकडून दोन लाखांचं पॅकेज घेणाऱ्या कॉलेजला नाही म्हणायला छाती लागते.

यातही ‘ॲडमिशन झालं तर कमिशन’ वाली डील तर घेऊच नका. कॅपमध्ये सीट मिळते ती मेरिट आणि पसंतीक्रमावर, त्यामुळे पोरगं तुमच्या साइटमुळे आलं हे सिद्ध करणार कसं, कॉलेज सरळ म्हणणार की तो आमच्याकडे थेट आला. राहिल्या इन्स्टिट्यूट लेवलच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या सीट्स, खासगी विनाअनुदानितमध्ये साधारण 20 टक्के. तिथे कमिशनवर काम करणाऱ्या माणसाला लोक एजंटच म्हणतात. कॅपिटेशन फीवर, म्हणजे ॲडमिशनसाठीच्या डोनेशनवर, राज्यात 1987 पासून कायद्याने बंदी आहे, तेव्हा कोणी "डोनेशनचं बघा जरा" म्हणालं तर त्या भानगडीत आपलं नाव कशाला.

दुसरी चूक बारीक दिसते पण साइट तीच मारते. ‘फी जाणून घ्या’ असं बटण, दाबलं की मोबाइल नंबर मागायचा. अहो, खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर फुकट आहे! कटऑफच्या पीडीएफ प्रवेश परीक्षा घेणारं राज्याचं सीईटी सेल टाकतं, मीडियन म्हणजे मधल्या पगाराचा आकडा एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगच्या डेटात मिळतो. जे उघड आहे त्याला कुलूप लावून नंबर काढला, तो नंबर पाच ठिकाणी दिला, बापाचा फोन आठवडाभर वाजला, की तो बाप सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव घेऊन शिव्या घालणार. शिवाय बारावीची कितीतरी पोरं 17 वर्षांची असतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 च्या खालचा म्हणजे बालक, पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि त्याला ट्रॅक करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आलेत आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, म्हणून लीडच्या धंद्यावर पुढची तीन वर्षं बेतू नका.

ॲडसेन्स, म्हणजे साइटवरच्या गूगलच्या जाहिराती, याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, चहा-नाश्त्याचं भागतं, आणि ‘इथे येऊ नका’ अशा रिव्ह्यूशेजारी त्याच कॉलेजची जाहिरात झळकते.

रिव्ह्यू वाचायचे 99 रुपये? पोरं देत नाहीत, टेलिग्रामवर सीनियरला विचारतात. पण आई-बाप निर्णयासाठी पैसे देतात, हा फरक बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. ऑप्शन फॉर्म भरून देणारे काउन्सेलर गल्लोगल्ली बसलेत आणि लोक त्यांना हजारो रुपये मोजतात, ते पण ज्यांनी ती कॉलेजं आतून बघितलेली नाहीत त्यांना. तुमच्याकडे तर तिथे शिकणारी पोरं आहेत. परसेंटाइल, कॅटेगरी, ब्रँच, घरापासूनचं अंतर घ्या, मागच्या कटऑफवरून प्राधान्ययादी तपासून द्या, आणि त्याच ब्रँचच्या तिसऱ्या वर्षाच्या पोराशी अर्धा तास बोलणं लावून द्या, त्याला त्यातला वाटा द्या. मराठीत बोलणारा सीनियर मिळाला की लातूर-जळगावचे पालक मोकळेपणाने विचारतात. ॲडमिशनची हमी मात्र चुकूनही देऊ नका.

आता सीझन. कमाई जून ते ऑगस्ट, खर्च बारा महिने. सप्टेंबरपासून पोरांना पीजी, मेस, इंटर्नशिप लागते, तिथे लोकल जाहिराती चालतात, कारण मेसवाल्याला कॉलेजच्या रेटिंगशी देणंघेणं नसतं. कॉलेजकडून पैसे घ्यायचेच असतील तर ओपन डेचं बॅनर विका, ‘जाहिरात’ असं ठळक लिहून. रिव्ह्यूला उत्तर द्यायची सोय सगळ्या कॉलेजांना फुकट ठेवा, ती विकायला काढली की रँकिंगही विकलंय असंच लोक धरतात.

ट्रॅफिक आहे, पैसेही येतायत, पण नवीन रिव्ह्यू अचानक पाच स्टारचेच पडतायत? एकाच कॉलेजचे, एकाच दुपारी, सगळ्यात ‘वर्ल्ड क्लास इन्फ्रास्ट्रक्चर’? प्लेसमेंट सेलने वर्गात बसवून लिहून घेतलेत, दुसरं काही नाही. ते थांबवा, आयडी कार्डचा फोटो मागा आणि तपासला की डिलीट करा. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, आयएस 19000:2022 हे मानक आहे, ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत हे त्यात स्पष्ट आहे, कॉलेजशी करार करताना तेच कलम म्हणून टाका.

आणि बिल ॲडव्हान्समध्ये घ्या, 18 टक्के जीएसटी वेगळा धरून. ॲडमिशन संपल्यावर कॉलेजच्या अकाउंट्स सेक्शनला तुमची आठवण राहत नाही.