जुनी इलेक्ट्रिक गिटार अस्सल की नकली, हे उघडून कसं ओळखावं

सेकंडहँड गिटार घेणाऱ्याला हमखास मिळणारा आणि हमखास बुडवणारा सल्ला म्हणजे, ‘सिरीयल नंबर नेटवर टाकून बघ, जुळला की ओरिजिनल.’ नंबर छापायला काय लागतं? एका खऱ्या गिटारचा नंबर उचलायचा आणि पुढच्या सगळ्या नकली गिटारींवर तोच मारायचा. नंबर जुळला नाही तर संशय घ्या. जुळला म्हणून पैसे काढू नका. नकली माल बनवणारा बाहेरून दिसतं त्यावर खर्च करतो आणि आत वाचवतो, म्हणून खरं उत्तर आत मिळतं.

हे सगळं मुख्यतः फेंडर आणि गिब्सनबद्दल सांगतोय, कारण आपल्याकडे नकली माल याच दोन नावांनी जास्त फिरतो. स्क्वायर हा फेंडरचाच आणि एपिफोन हा गिब्सनचाच स्वस्तातला ब्रँड आहे. दोन्ही आपापल्या किमतीत चांगल्या गिटारी आहेत, फक्त त्यांच्यावर मोठ्या भावाचं नाव चिकटवलेलं नसावं. गिव्हसन ही वेगळीच, भारतीय गिटार. नाव वाचताना मधलं एक अक्षर नीट बघा.

विकणारा संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर बोलवत असेल तर नाही म्हणा. त्या उजेडात काहीही अस्सल दिसतं. दिवसा त्याच्या घरी जा, खिडकीपाशी बसा. बरोबर २ नंबरचा स्टार डिसमिस, लहान डिसमिस, मोजायची टेप, टॉर्च आणि गुजरीतले सराफ वापरतात तसलं दहापटीचं भिंग घ्या.

आधी माप. नटपासून (तारा जिथं टेकून खुंट्यांकडे जातात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) अंतर फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये पावणेतेरा इंच येतं आणि गिब्सनच्या लेस पॉलमध्ये सव्वाबारा ते साडेबाराच्या मध्ये. यात चुकली तर तिथंच उठा. माप बरोबर आलं तरी विशेष काही सिद्ध होत नाही, कारण स्क्वायरचंही माप तेच असतं.

मग नंबर, पण खोटं पकडण्यापुरता. १९७७ पासूनच्या बहुतेक आठ आकडी गिब्सन नंबरांत पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होतं, आणि दुसरा ते चौथा म्हणजे वर्षातला कितवा दिवस. तिथं ४१२ दिसलं तर असा दिवस कुठल्याच वर्षात नसतो. २००५ मध्ये नंबर नऊ आकडी झाला. कस्टम शॉप (गिब्सनचा खास गिटारींचा विभाग) आणि काही मॉडेलची पद्धत वेगळी आहे, तेव्हा आधी मॉडेल ओळखा. फेंडरमध्ये ‘एमझेड५’ ने सुरू होणारा नंबर म्हणजे मेक्सिकोत २००५ च्या सुमाराला बनलेली गिटार. असा नंबर असलेली गिटार कुणी ‘अमेरिकन आहे’ म्हणून विकत असेल, तर तो खोटं बोलतोय किंवा त्याला माहीत नाही. दोन्हीत नुकसान तुमचंच.

गिब्सन असेल तर पुढची तपासणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त बोलकी. हेडस्टॉकवरचं, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावरचं, ट्रस रॉडचं छोटं झाकण बघा. ट्रस रॉड म्हणजे दांड्याच्या आतली, त्याचा बाक जमवणारी सळई. गिब्सनला दोन स्क्रू असतात, नकलीला पुष्कळदा तीन. झाकण काढा. आत पितळी षटकोनी नट दिसला पाहिजे, बॉक्स पान्याने फिरवायचा. त्याऐवजी ॲलन कीचं (षटकोनी सळईच्या किल्लीचं) भोक दिसलं तर ती गिब्सन नाही, मग वर काहीही लिहिलेलं असो. फक्त बघा, फिरवू नका. दुसऱ्याच्या गिटारचा ट्रस रॉड पिळायचा नसतो. हेडस्टॉकच्या मागे, तारांच्या नटच्या जवळपास तिरका सांधा दिसतोय का तेही बघा. गिब्सनच्या नेकला, म्हणजे दांड्याला, तिथं सांधा नसतो. रंग गडद असेल तर तो दिसणार नाही, तेव्हा न दिसण्यावरून काही ठरवू नका.

आता फेंडरची नेक काढणं. मला सुरुवातीला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच, आणि बहुतेक लोक टाळतात तोही हाच. विकणारा इथं हमखास अडवतो: ‘दादा, उघडू नका, सेटिंग जातं, कंपनीचं सील तुटतंय.’ गिटारला कसलंही सील नसतं. शांतपणे सांगा की तुमच्यासमोर उघडतो आणि तुमच्यासमोरच होती तशी बसवून देतो. तरी नको म्हणाला तर ती गिटार घेऊ नका. यात मी कुणासाठी सूट देत नाही, ओळखीच्या ऑर्केस्ट्रावाल्यासाठीसुद्धा नाही.

तारा पूर्ण ढिल्या करा. ताण असताना नेकचे स्क्रू काढले तर लाकडातले आटे फाटतात. मागच्या प्लेटचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सोडवा आणि कुठला कुठून निघाला ते कागदावर त्याच जागी मांडून ठेवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पेटीबाहेर राहिलेल्या गिटारचे स्क्रू गंजलेले असतात. अशा वेळी डिसमिस घसरला की डोकं गुळगुळीत झालंच म्हणून समजा. डिसमिसवर अंगाचा भार टाका आणि मग फिरवा. तरी हलला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ धरा, उष्णतेने तो सुटतो. ड्रिल मशीन अजिबात लावू नका. नेक सरळ वर उचला. खाली कागदाची किंवा लाकडाची पातळ पट्टी निघाली तर ती जपून ठेवा. ती नेकचा कोन जमवायला घातलेली असते.

आता नेकच्या टोकाला बघा. फेंडरमध्ये तिथं बऱ्याचदा तारखेचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेली तारीख असते. ती नंबरातल्या वर्षाशी ढोबळमानाने जुळायला हवी. शिक्का नसला म्हणून लगेच नकली ठरवू नका, पण घासून काढल्याच्या खुणा असतील तर प्रश्न विचारा. बुजवलेली जास्तीची भोकं असली तर नेक एका गिटारची आणि बॉडी दुसरीची असण्याची शक्यता मोठी. हा प्रकार सगळ्यात फसवा, कारण त्यात नेक खरी असते, नाव खरं असतं, नंबरही खरा असतो.

नेक हातात आहे तोवर हेडस्टॉक उजेडात तिरका धरून भिंगाखाली बघा. ‘स्टिकरची कड हाताला लागली की नकली’ असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका, खऱ्या फेंडरवरही नाव पॉलिशच्या वर असलेले काळ होऊन गेलेत. कड सोडून आजूबाजूची जागा बघा. आधीचं नाव घासून काढलं असेल तर तिथलं पॉलिश वेगळं चमकतं, कधी जुन्या अक्षरांची सावली राहते.

मग वरची प्लेट किंवा मागचं झाकण काढून पॉट, म्हणजे आवाज-टोनच्या बटणांखालचे गोल भाग, तपासा. अमेरिकन गिटारींत सहसा मोठे, साधारण एक इंच व्यासाचे पॉट असतात आणि पाठीवर आकडे असतात. सीटीएस कंपनीच्या पॉटवर सुरुवात १३७ ने होते. १३७७८४३ म्हणजे सीटीएस, १९७८ सालचा ४३ वा आठवडा. पॉट गिटारपेक्षा जुना असला तर ठीक. नवा असला तर एकतर बदललाय किंवा नंबर खोटं सांगतोय. सोल्डरवर दुसऱ्यांदा हात फिरल्याच्या खुणा बघून ते ठरवा. एकट्या लहान पॉटवरून निकाल देऊ नका, मेक्सिकन फेंडरमध्येही लहान पॉट आलेले आहेत. लेस पॉलमध्ये सर्किट बोर्ड दिसला म्हणूनही घाबरू नका, २००८ नंतरच्या काही खऱ्या गिब्सनमध्ये तो आहे.

नेक परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी हाताने उलटा फिरवा. जुन्या आट्यात ‘टक’ करून बसला की मगच आवळा, नाहीतर तो लाकडात नवीन आटे पाडतो आणि पकड कायमची जाते.

माप आणि ॲलन कीचं भोक या दोन गोष्टी सोडून बाकीची एक खूण चुकली तर विचार करा, तीन चुकल्या तर ती नावाची गिटार नाही. तरीही वाजायला आवडली तर घ्या, पण बिननावाच्या गिटारचा भाव द्या. नेक खरी आणि बॉडी दुसरीच असेल तर सुट्या भागांचा भाव धरा. सौदा ठरला की मॉडेल, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख आणि ‘ही गिटार माझ्या मालकीची आहे’ असं एका कागदावर लिहून विकणाऱ्याची सही घ्या आणि त्याच्या ओळखपत्राचा फोटो काढून ठेवा. गिटार चोरीची निघाली तर हाच कागद उपयोगी पडतो.