मुलांच्या इमर्जन्सीत पालकांशी बंदुकीविषयी कसे बोलावे

अमेरिकेत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांमध्ये २०२० साली बंदुकीने वाहन-अपघातांना मागे टाकले आणि ती पहिल्या क्रमांकावर आली. म्हणून तेथील मुलांच्या आपत्कालीन विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी, आणि त्यांत मराठी माणसेही आहेत, हा विषय काढणे हे लसीकरणाची चौकशी करण्याइतकेच नेहमीचे काम मानावे.

मुलाची प्रकृती स्थिर झाल्यावर, पण घरी सोडण्याचे कागद हाती देण्यापूर्वी बोलणे सुरू करावे. ‘तुमच्याकडे बंदूक आहे का?’ असे थेट विचारले की पालक सावध होतात. त्याऐवजी ‘बऱ्याच घरांत बंदूक असते, तुमच्याकडे असेल, तर ती कशी ठेवली आहे हे आपण मिळून पाहू या का?’ असे म्हणावे. ती शिकारीसाठी आहे की संरक्षणासाठी, यावर वाद घालू नये. आईवडील वेगळे राहत असतील, तर दोन्ही घरांची आणि आजीआजोबांच्या घराचीही चौकशी करावी. डॉक्टरांच्या अशा प्रश्नांवर फ्लोरिडाने २०११ साली कायद्याने बंधने घातली होती. त्यांतील मुख्य तरतुदी संघीय अपील न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केल्या.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते बंदूक नसलेले घरच मुलांसाठी सर्वांत सुरक्षित असते. हे पालकांना एकदा स्पष्ट सांगावे, आणि ती ठेवायचीच असेल तर रिकामी करून कुलपात ठेवावी व काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत, असे समजावून द्यावे. केबल लॉक बंदुकीच्या आतून ओवले जाते, त्यामुळे ते काढल्याशिवाय गोळी भरून झाडता येत नाही. अनेक ठिकाणी पोलीस ते मोफत देतात.

सर्वांत अधिक वेळ ‘आमच्या मुलाला ती कुठे आहे हे ठाऊकच नाही’ या उत्तरावर द्यावा, कारण पालक ते मनापासून सांगत असले तरी ते खरे असेलच असे नाही. पालक आणि मुले यांना वेगवेगळे विचारून केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे सांगणाऱ्या पालकांपैकी बऱ्याच जणांच्या मुलांना जागा माहीत असल्याचे दिसले. ‘बंदुकीला हात लावायचा नाही असे त्याला शिकवले आहे’ हेही पुरेसे नसते. २००१ च्या एका प्रयोगात ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांच्या खोलीत खरे, पण निकामी केलेले पिस्तूल लपवले होते; ज्यांनी ते हाताळले, त्यांतील बहुतेकांना बंदुकीच्या सुरक्षिततेविषयी आधी सांगितलेले होते. म्हणून बंदूक कुठे लपवली आहे हे न विचारता, किल्ली कोणाकडे असते आणि कुलपाचा क्रमांक कोणाला ठाऊक आहे, हे विचारावे.

मूल स्वतःला इजा करण्याच्या विचारांमुळे आले असेल, तर कुलूप पुरेसे समजू नये. अशा विचारांचा तीव्र झटका अनेकदा थोडाच वेळ टिकतो आणि त्या वेळेत बंदूक हाताशी नसणे हेच मुलाचा जीव वाचवू शकते. त्यामुळे संकट टळेपर्यंत ती घराबाहेर हलवण्याची विनंती करावी. विश्वासू नातेवाईक, बंदुकीचे दुकान किंवा पोलीस ठाणे हे पर्याय असू शकतात, पण ती दुसऱ्याकडे सोपवण्याचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून त्यांची आधी खात्री करून घ्यावी. ही व्यवस्था कोण, केव्हा करणार हे ठरल्याशिवाय मुलाला घरी पाठवू नये. ते कागदावर नोंदवावे, काही दिवसांनी फोन करून विचारावे आणि ९८८ ही आत्महत्येच्या विचारांत व मानसिक संकटात मदत करणारी अमेरिकेतील मदतवाहिनी पालकांना व मुलाला दोघांनाही लिहून द्यावी.

‘आमच्याकडे बंदूक कुठली?’ असे म्हणणाऱ्या कुटुंबालाही तसेच सोडू नये, कारण त्यांचे मूल मित्राकडे खेळायला जाते. तेथे पाठवण्यापूर्वी त्या घरात कुलूप नसलेली बंदूक आहे का, हे विचारण्यास त्यांना सांगावे. संकोच वाटत असेल, तर आपल्या मुलाची ॲलर्जी सांगताना आणि त्यांच्याकडे कुत्रा किंवा पोहण्याचा तलाव आहे का हे विचारताना, त्याच ओघात हाही प्रश्न विचारता येतो.