उतार मध्येच बदलणारे रिग्रेशन: जुळवणी आणि चाचणी

इंदूरच्या एखाद्या वसाहतीचा रोजचा वीजखप आणि त्या दिवसाचे सरासरी तापमान यांचा आलेख काढल्यास एक सरळ रेषा पुरेशी पडण्याची शक्यता कमी असते, कारण काही अंशांपर्यंत खप जवळपास स्थिर राहतो आणि कूलर व एसी सुरू झाले की चढू लागतो. माळव्यात उन्हाळ्यातही रात्री गार असल्याने येथे कमाल तापमानापेक्षा सरासरी तापमान घेणे मला अधिक योग्य वाटते.

अशा आकड्यांसाठी रिग्रेशनचे, म्हणजे तापमानावरून खपाचा अंदाज बांधणारे, समीकरण असे मांडावे: खप = अ + ब × ता + ड × (ता − स)⁺. येथे ‘ता’ म्हणजे तापमान, ‘स’ म्हणजे बदलबिंदू (उतार जेथे बदलतो ते तापमान) आणि ‘अ’, ‘ब’, ‘ड’ हे आकड्यांतून काढायचे स्थिरांक. कंसातील वजाबाकी ऋण आली तर ती शून्य धरावी. बदलबिंदूच्या अलीकडे उतार ‘ब’ असतो आणि पलीकडे ‘ब + ड’, म्हणून सगळा प्रश्न ‘ड’ शून्य आहे की नाही एवढाच उरतो. या मांडणीत दोन्ही रेषा ‘स’ येथे आपोआप जुळतात. उडी मारणाऱ्या दोन स्वतंत्र रेषा हव्या असतील आणि बदलाची जागा आधीच ठाऊक असेल, तर दोन भागांच्या रेषा खरोखर वेगळ्या आहेत का ते पाहणारी, अर्थशास्त्रज्ञ चाऊ यांची 1960 ची चाचणी वापरावी.

‘स’ आधीच ठरलेला असेल, तर नेहमीची लघुतम वर्ग पद्धत (चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करणारी जुळवणी) आणि ‘ड’ शून्याहून वेगळा आहे का ते पाहणारी टी-चाचणी पुरते. तो आकड्यांतूनच शोधायचा असल्यास तापमानाच्या दोन्ही टोकांकडील दहा-पंधरा टक्के नोंदी सोडून मधल्या प्रत्येक संभाव्य ‘स’ साठी समीकरण जुळवावे आणि अवशेषांच्या (प्रत्यक्ष खप आणि समीकरणाचा अंदाज यांतील फरकांच्या) वर्गांची बेरीज जेथे सर्वांत कमी येते तो बिंदू घ्यावा. आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील ‘सेगमेंटेड’ पॅकेज हेच काम संख्याशास्त्रज्ञ म्युजिओ यांच्या 2003 च्या पुनरावृत्ती पद्धतीने करते. तिला सुरुवातीचा अंदाज द्यावा लागतो, म्हणून निरनिराळे अंदाज देऊन उत्तर तेच राहते का ते पाहावे.

खरी अडचण चाचणीत आहे. ‘ड’ शून्य मानला की ‘स’ ला काही अर्थच उरत नाही, आणि सर्वांत सोयीचा बिंदू आपणच निवडलेला असल्यामुळे नेहमीच्या तक्त्यातील पी-मूल्य (बदल नसतानाही असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) फसवे, प्रत्यक्षाहून लहान येते. यासाठी डेव्हिस यांची 1987 ची चाचणी किंवा अँड्र्यूज यांची 1993 मधील सर्व संभाव्य बिंदूंवरील चाचणीच्या महत्तम मूल्यावर आधारलेली क्रांतिक मूल्ये (ज्यांपलीकडे गेल्यास बदल खरा मानावा त्या मर्यादा) आहेत. मला मात्र संगणकावरील अनुकरण अधिक पटते: एकाच रेषेचे समीकरण खरे मानून त्यातून हजारभर कृत्रिम संच तयार करावेत, प्रत्येकात बदलबिंदूचा शोध पुन्हा घ्यावा आणि आपले एफ-मूल्य (बदलबिंदूमुळे जुळवणी किती सुधारली याचे माप) त्या गर्दीत कोठे बसते ते पाहावे. रोजच्या नोंदींत कालचा अवशेष आजच्याशी जोडलेला असतो, म्हणून कृत्रिम अवशेषांतही तो संबंध ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा पी-मूल्य पुन्हा फसवेच येईल.

रविवार आणि सुट्ट्या यांसाठी वेगळे सूचक चल (त्या दिवशी 1, एरवी 0) घालावेत. रंगपंचमीच्या गेरीचा (इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीचा) दिवस तर नेमका ऊन वाढू लागते त्या सुमारास येतो आणि शोधलेला बदलबिंदू सरकवू शकतो.

त्यानंतर तापमानाचा वर्ग असलेल्या वर्गसमीकरणाशी बीआयसीने (जुळवणी आणि समीकरणाचा साधेपणा दोन्ही तोलणाऱ्या निकषाने) तुलना करावी आणि प्राचले, म्हणजे आकड्यांतून काढलेल्या राशी, मोजताना ‘स’ हेही एक धरावे, कारण हळूहळू वळणारा वक्रही या पद्धतीने तुटलेला दिसतो. थंडीत गीझरमुळे खप पुन्हा वाढत असल्यास दुसरा बदलबिंदू संभवतो. त्यासाठी एक बदलबिंदू असलेले समीकरण खरे मानून वरील अनुकरण पुन्हा करावे.